पंडिता रमाबाई : धर्म बदलला, पण बुद्धी गहाण ठेवली नाही

रमाबाई हे नाव उच्चारले की आपल्या वस्त्यांमध्ये सर्वप्रथम आठवते ती त्यागमूर्ती माता रमाई, आणि ते स्वाभाविकच आहे. पण महाराष्ट्राच्या परिवर्तनाच्या इतिहासात याच नावाची आणखी एक स्त्री होऊन गेली. तिच्याविषयी आपल्या अभ्यासवर्गांत फारसे बोलले जात नाही. ती म्हणजे पंडिता रमाबाई. एप्रिल महिन्यात आपण महात्मा फुले आणि बाबासाहेबांची जयंती धूमधडाक्यात साजरी करतो. २३ एप्रिल १८५८ हा रमाबाईंचा जन्मदिवस आणि ५ एप्रिल १९२२ हा स्मृतिदिन. हे दोन्ही दिवसही याच महिन्यात येतात आणि गाजावाजा न होता निघून जातात.

त्या ख्रिस्ती झाल्या म्हणून हिंदू समाजाने त्यांना बाजूला सारले. त्या ब्राह्मण घरात जन्मल्या म्हणून आपणही त्यांच्याकडे फारसे वळलो नाही. आम्हाला मात्र वाटते की धर्मांतर हा ज्यांच्या आयुष्याचा पाया आहे, त्या आपल्यासारख्या तरुणांनी हे चरित्र वाचलेच पाहिजे. धर्म सोडल्यावर माणूस कुठे जातो, हा प्रश्न जग नेहमी विचारते. नव्या घरात गेल्यावर तो मान वर करून राहतो की पुन्हा कुणापुढे मान झुकवतो, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. रमाबाईंना तो प्रश्न ऐन पंचविशीत पडला.

पोथ्यांच्या घरात जन्म

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे पंडित. पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवले जाते हे त्यांनी पाहिले होते. आपल्या पत्नीलाही शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. वेद सोडून बाकीचे संस्कृत वाङ्मय त्यांनी लक्ष्मीबाईंना शिकवले. एवढ्यावरूनही सनातनी मंडळी खवळली आणि त्यांना शास्त्री-पंडितांपुढे आपली बाजू मांडावी लागली. पुढे हे कुटुंब सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे जाऊन राहिले. रमाबाईंचा जन्म तिथलाच. लक्ष्मीबाईंनी आपल्या या धाकट्या मुलीला पहाटे उठवून संस्कृत शिकवले. हजारो श्लोक तिला मुखोद्गत झाले.

वडिलांची मिळकत तीर्थयात्रा, दानधर्म आणि पाहुणचार यांत संपली. मग हे कुटुंब गावोगाव पुराण सांगत फिरू लागले. जवळचे होते नव्हते ते देवांना आणि ब्राह्मणांना देऊन टाकले, व्रते केली, उपास केले. १८७४ ते १८७७ या दुष्काळाच्या काळात आई, वडील आणि थोरली बहीण यांचा अन्नावाचून अंत झाला. ज्या देवांवर सगळे ओवाळून टाकले, त्यांच्यापैकी कुणी धावून आला नाही. मागे राहिले रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास. ही दोन भावंडे हजारो मैल पायी फिरली. थंडीत पांघरूण नाही, पोटाला अन्न नाही, अशा अवस्थेत १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली.

कलकत्त्यात या विशीतल्या मुलीचे संस्कृत ऐकून पंडित थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. सत्कार झाले, व्याख्याने झाली. शास्त्राप्रमाणे स्त्रियांची कर्तव्ये कोणती यावर स्त्रियांपुढे बोलण्याची विनंती झाली. त्यासाठी रमाबाई धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचू लागल्या आणि तिथेच त्यांची श्रद्धा तुटली. इतर बाबतींत या ग्रंथांचे एकमेकांशी पटत नव्हते, पण एका गोष्टीवर सगळ्यांचे एकमत होते. स्त्री मग ती कुठल्याही जातीची असो, वाईटच. नवऱ्याची सेवा हाच तिचा मोक्ष. आणि शूद्रालाही ज्ञानाचा व मुक्तीचा हक्क नाही. आपली गुलामगिरी आणि शूद्रांची गुलामगिरी एकाच पोथीतून आली आहे, हे या ब्राह्मण मुलीला पोथी वाचूनच समजले. केशवचंद्र सेन यांनी वेद वाचायला दिले, पण त्यानेही मनाचे समाधान झाले नाही.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते ब्राह्मण नव्हते. त्यांच्या जातीला सनातनी शूद्र मानत. भाषेची, प्रांताची आणि जातीची अशा तिन्ही भिंती एका लग्नाने ओलांडल्या. हे जोडपे आसामात सिल्चरला राहिले. तिथे घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन बायबल समजावू लागला. रमाबाईंची ओढ नवऱ्याला आवडली नाही. पण हा वाद वाढण्याआधीच फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने त्यांचे निधन झाले. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी आणि वय चोविशीच्या आत.

पुण्यातून इंग्लंडला

रमाबाई पुण्यात आल्या. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर अशा सुधारकांनी स्वागत केले. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठी पुस्तक लिहिले आणि सरकारच्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींसाठी स्त्री शिक्षिका हव्यात, स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, ही मागणी त्यांनी त्या साक्षीत मांडली. स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा प्रवासासाठी कामी आला. सोबत चिमुकली मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. मात्र कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडावा लागला.

इंग्लंडमध्ये त्या वांटेज गावी अँग्लिकन चर्चच्या भगिनीसंघात राहिल्या. अँग्लिकन चर्च म्हणजे इंग्लंडचे राजमान्य चर्च. या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथे आपले एक केंद्र दाखवले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तिथे जवळ घेऊन पुन्हा उभे केले जात होते. हिंदू धर्मशास्त्रात अशा स्त्रीसाठी कठोर शिक्षाच सांगितली होती, दयेचा शब्द नव्हता. रमाबाईंनी या फरकाचे कारण विचारले. एका सिस्टरने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. त्यांच्या मनाने निर्णय घेतला तो इथे.

या काळाला एक काळी किनारही आहे. सोबत आलेल्या आनंदीबाईंनी वांटेजमध्येच आत्महत्या केली. परक्या देशात धर्म बदलण्याची भीती त्यांच्या मनाने घेतली होती. हा धक्का ताजा असतानाच २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आपल्या लेकीसह बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराची किंमत केवळ धर्मांतर करणाऱ्यालाच मोजावी लागते असे नाही, हे या घटनेतून दिसते. चरित्र सांगताना ती झाकून ठेवणे आम्हाला योग्य वाटत नाही.

बाप्तिस्म्यानंतरचा संघर्ष

बहुतेक लेखक रमाबाईंचे धर्मांतर इथे संपवतात. आमच्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते.

वांटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई प्रेमाने आजीबाई म्हणत. त्यांचे ऋण त्या मानत. पण या आजीबाईंची अपेक्षा अशी होती की नवख्या ख्रिस्ती मुलीने चर्चची शिकवण मुकाट्याने स्वीकारावी. रमाबाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या बुद्धीला पटेना. येशूचा जन्म कुमारिकेच्या पोटी झाला हे पटेना. बायबलमध्ये स्पष्ट सांगितले नसेल, तर ते केवळ बिशप म्हणतात म्हणून का मानायचे, असा त्यांचा सवाल होता. ब्राह्मण पुरोहितांचे जू नुकतेच मानेवरून उतरवले आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचे जू मी मानेवर घेणार नाही, असा त्यांच्या पत्रांचा एकूण सूर आहे.

बारीकसारीक गोष्टींतही हा स्वाभिमान दिसतो. क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. ती लॅटिनच का, संस्कृत का नाहीत, हे त्यांनी विचारले. त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. अंडे घातलेले पदार्थही नाकारले. सिस्टरांना यात जुन्या जातीच्या अहंकाराचा वास आला. त्यांच्या शंकेत काहीच तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही, कारण ब्राह्मणी संस्कार एका बाप्तिस्म्याने धुऊन निघत नाहीत. पण ख्रिस्ती होणे म्हणजे इंग्रज होणे नव्हे, हा रमाबाईंचा मुद्दाही तितकाच खरा होता.

चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. तिथल्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असे वाटत होते. त्यावर हिंदुस्थानात काम करणाऱ्या बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवले तर हिंदुस्थानात तिची बदनामी होईल, असा त्यांचा तर्क होता. ज्या बाईने कलकत्त्यात आणि पुण्यात पुरुषांच्या भरल्या सभेत व्याख्याने दिली, तिला आता नव्या धर्माचे धर्मगुरू स्त्रीची मर्यादा शिकवत होते. रमाबाईंनी आपला विरोध कडक शब्दांत कळवला. आपल्या आयुष्याचा निर्णय आपण घेणार, हे त्यांनी ठणकावून सांगितले.

नव्या धर्माच्या आत किती घरे आहेत, हेही त्यांच्या लक्षात आले. अँग्लिकनांतच वरचे-खालचे गट. शिवाय बाप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, युनिटेरियन. प्रत्येकजण आपलाच मार्ग खरा म्हणणारा. एका पंथातून बाप्तिस्मा घेतला तरी रमाबाईंनी स्वतःला त्या पंथाच्या चौकटीत कोंडून घेतले नाही. आपण ख्रिस्ताच्या सर्व जगातल्या मंडळीचे सदस्य आहोत, एखाद्या बिशपच्या हुकमाचे ताबेदार नाही, ही भूमिका त्यांनी शेवटपर्यंत ठेवली. त्रैक्य आणि येशूचे ईश्वरत्व यांवर पुढे त्यांचा विश्वास बसला. पण तो कुणाच्या दडपणाने नाही, तर स्वतःच्या वाचनातून आणि अनुभवातून.

जोतीराव पाठीशी उभे राहिले

इकडे महाराष्ट्रात काहूर माजले. ज्यांनी पंडिता म्हणून मिरवले, त्यांच्यापैकीच अनेकांना आता ती विश्वासघातकी वाटू लागली. त्या वेळी तिच्या बाजूने कोण बोलले? महात्मा जोतीराव फुले. १८८५ मध्ये ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेत त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराचे समर्थन केले. विद्या मिळाल्यावर शास्त्रांतला स्त्रिया आणि शूद्रांवरचा अन्याय तिला दिसला, म्हणून तिने तो धर्म सोडला, इतके सरळ विवेचन त्यांनी केले. जोतीराव आणि सावित्रीमाईंनी १८६३ मध्येच ब्राह्मण विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. ब्राह्मण स्त्रीचे दुःख तिच्या जातीतल्या पुढाऱ्यांच्या आधी फुले दांपत्याने ओळखले होते. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. तरीही दुसऱ्याने विचारपूर्वक केलेल्या धर्मांतराचा त्यांनी सन्मान केला. आपल्या कार्यकर्त्यांनी ही वृत्ती शिकण्यासारखी आहे.

शारदा सदन ते मुक्ती

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे निमंत्रण होते. तिथे १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांचे इंग्रजी पुस्तक आले आणि गाजले. बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षे मदत करण्याचे तिने मान्य केले. मायदेशी परतून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. तिच्याशीच पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला.

सदनात धर्म शिकवायचा नाही असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, पण दार बंद करत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून टिळकांच्या ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्या सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले आणि पालकांनी अनेक मुली घरी नेल्या. विधवेचे केशवपन डोळ्यांआड करणाऱ्या पुण्याला उघडे दार मात्र सहन झाले नाही.

पण प्रश्न दुसऱ्या बाजूनेही विचारला पाहिजे. ज्या मुलीचे अन्न, वस्त्र, निवारा एकाच व्यक्तीच्या हातात आहे, तिने त्या व्यक्तीचा धर्म स्वीकारला तर तो निर्णय कितपत मोकळा? सदनातल्या आणि नंतर मुक्तीतल्या अनेक मुलींनी बाप्तिस्मा घेतला. रमाबाईंना इंग्लंडमध्ये वाद घालण्याची जी मोकळीक मिळाली, ती दुष्काळातून उचलून आणलेल्या अनाथ मुलीला कुठून मिळणार? रमाबाईंवरचे प्रेम कायम ठेवूनही हा प्रश्न आपण जागा ठेवला पाहिजे.

जातीबद्दलही असेच. सुरुवातीचे शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तिथे जातीचे सोवळे पाळण्याची सोय होती. हे चित्र बदलले ते दुष्काळाने. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या भुकेने आपले आईवडील गेले, तीच भूक रमाबाईंना पुन्हा दिसली. त्या स्वतः जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेतलेल्या शंभर एकर जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि संख्या हजाराच्या वर गेली. आता जात विचारायला वेळ नव्हता. एका अंगणात, एका पंगतीत सगळ्या जातींच्या मुली जेवू लागल्या. आपल्या दृष्टीने रमाबाईंचे दुसरे धर्मांतर ते हेच.

मुक्तीत शेती होती, गाईगुरे होती, विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. कृपा सदनात समाजाने टाकलेल्या स्त्रिया होत्या, प्रीती सदनात वृद्ध स्त्रिया होत्या. मनोरमाने अंध मुलींना ब्रेल शिकवले. ही सगळी कामे स्त्रियाच करत. आणि मुक्ती कुठल्याही एका ख्रिस्ती पंथाच्या मालकीची नव्हती. निरनिराळ्या पंथांचे लोक तिथे येऊन काम करत, पण सूत्रे रमाबाईंच्या हाती होती.

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी बायबलचे भाषांतर करण्यात घालवली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मराठी भाषांतर आधीच होते, पण साध्या खेड्यातल्या बाईला ते समजत नाही असे त्यांचे मत होते. त्यांनी मूळ भाषांवरून सोप्या मराठीत सगळे बायबल पुन्हा लिहिले. केडगावच्या छापखान्यात त्याचे खिळे मुक्तीतल्या स्त्रियांनीच जुळवले. ज्या धर्मात जन्म झाला, त्याने स्त्रीला वेद ऐकू दिला नव्हता. ज्या धर्मात प्रवेश केला, त्याचा ग्रंथ या स्त्रीने स्वतः लिहून, स्वतः छापून घेतला. जुलै १९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावला शेवटचा श्वास घेतला.

आपल्यासाठी यात काय आहे?

रमाबाईंचे धर्मांतर एका व्यक्तीचे होते. १४ ऑक्टोबर १९५६ चे धर्मांतर लाखोंचे होते आणि त्यामागे जातिअंताचा विचार होता. दोन्हींची बरोबरी आम्ही करत नाही. ख्रिस्ती झाल्यावरही या देशात जात पाठ सोडत नाही, हे बाबासाहेबांनी आपल्या लेखनात स्पष्ट नोंदवले आहे. रमाबाईंना ती बाजू फारशी दिसली नाही, कारण जातीचा चटका त्यांना खालून बसला नव्हता.

तरीही एक धागा समान आहे. येवल्याच्या घोषणेनंतर बाबासाहेबांनी २१ वर्षे अभ्यास केला आणि मगच पाऊल उचलले. रमाबाईंनी पाऊल उचलल्यावर अभ्यास सुरू ठेवला. दोघांनीही जन्माने मिळालेला धर्म तपासून पाहिला आणि नवा धर्मही तपासूनच घेतला. आपल्यापैकी बहुतेकांना धम्म आजोबा-पणजोबांकडून मिळाला आहे. आपण दीक्षाभूमीवर जातो, २२ प्रतिज्ञा म्हणतो, पण त्यातल्या किती आपण स्वतःच्या बुद्धीवर घासून घेतल्या आहेत? विहारात एखाद्या तरुणीने भन्तेजींना किंवा पदाधिकाऱ्यांना अवघड प्रश्न विचारला, तर आपण तिला उत्तर देतो की गप्प बसवतो? वांटेजच्या सिस्टरांनीही रमाबाईंवर प्रेमच केले होते. फक्त तिचे प्रश्न त्यांना नको होते.

म्हणून आमची सूचना आहे की येत्या एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमांत एक संध्याकाळ अभ्यासवर्गासाठी राखून ठेवावी. जोतीरावांचे ‘सत्सार’ आणि पंडिता रमाबाईंचे चरित्र एकत्र वाचावे. चर्चेची सुरुवात मुलींनी करावी आणि कुठलाही प्रश्न वर्ज्य मानू नये.